वडिलांच्या दोन्ही कानांच्या ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात) फरक आहे. आधी ऐकण्याचे मशीन घ्यावे की आधी तपासणी?

प्रश्न: तंबोरेवाला, मिरज

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. तंबोरे आणि सतारी तयार करण्याचा आमचा पिढीजात व्यवसाय आहे. भोपळा कापण्यापासून पॉलिशपर्यंतची बाकीची कामे आता आम्ही भावंडे पाहतो, पण जवारी लावण्याचे, म्हणजे तारांचा झंकार जुळवण्याचे काम अब्बांनी अजून कोणाच्या हाती दिलेले नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांना कमी ऐकू येऊ लागले आहे असे घरातल्या सगळ्यांचे मत आहे. त्यांचे स्वतःचे मत असे, की हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीचा आवाज वाढला आहे, नातवंडांचे बोलणे त्यांना समजत नाही, आणि मागे एका व्यापाऱ्याने फोनवर तारांची साठ पाकिटे सांगितली ती त्यांनी आठ म्हणून लिहून घेतली. शांत खोलीत समोर बसून कोणी पुरुष बोलला, तर मात्र त्यांना जवळजवळ सगळे कळते.

खरी चिंता जवारीची आहे. घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) माथ्यावर कानस फिरवून आणि तारेखालचा दोरा मागेपुढे सरकवून झंकार उघडायचा असतो, हे येथील संगीतप्रेमींना ठाऊक असेलच. तंबोरा आम्हाला पुरेसा खुला वाटत असतानाही अब्बा "अजून बंद आहे" असे म्हणून घासत राहतात, आणि गोल, म्हणजे मऊ झंकाराची जवारी मागून गेलेले गायक वाद्य परत घेऊन येतात. त्यांना कानांविषयी काही सुचवले की ते खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार छेडतात आणि तिच्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराविषयी विचारतात, "स्वयंभू गंधार मला स्वच्छ ऐकू येतो, मग कान कसा बिघडेल?"

नुकतेच एका कंपनीच्या मोफत शिबिरात त्यांची तपासणी करून घेतली. त्यात हवेतून ऐकण्याच्या चाचणीचे आकडे असे आले (आकडा जितका मोठा तितके कमी ऐकू येते): उजवा कान ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ६०, डावा कान याच क्रमाने ३५, ४५, ६५ आणि ७५. डाव्या कानात वर्षभरापासून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. चक्कर येत नाही, कान कधी वाहिलेला नाही. तरुणपणी त्यांना क्षयरोग झाला होता आणि तेव्हा बरेच दिवस इंजेक्शने घ्यावी लागली होती. शिबिरातील माणसाने दोन्ही कानांची मशीन त्याच दिवशी नोंदवण्याचा आग्रह धरला आणि उशीर केल्यास स्मृतिभ्रंश होईल असेही सांगितले. किंमत ऐकून आम्ही विचार करून कळवतो म्हणालो. आता पुढे काय करावे?

उत्तर: श्रवणतज्ज्ञ, सांगली

आपण थांबलात हे योग्यच झाले. हे आकडे निरुपयोगी आहेत असे नव्हे, परंतु ते अपुरे आहेत, आणि अपुऱ्या आकड्यांवर मशीन बसवणे म्हणजे नंबर न काढता चष्मा घेणे होय.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, ध्वनिरोधक खोलीत करावी लागते. सभागृहाच्या कोपऱ्यात पंखा आणि माणसांची कुजबुज चालू असताना मंद स्वर, विशेषतः ५०० हर्ट्झ आणि त्याखालचे, दबून जातात आणि कान प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमजोर दिसतो. दुसरी उणीव याहून मोठी आहे. हेडफोन लावून होते ती हवेतून ऐकण्याची चाचणी. तिच्यात ध्वनी कर्णनलिका, पडदा, मधल्या कानातील तीन हाडे आणि मग आतला कान असा सगळा प्रवास करतो, त्यामुळे अडथळा कोठे आहे हे तिच्यावरून समजत नाही. कानामागील हाडावर कंपक ठेवून केलेली बोन कंडक्शन चाचणी ध्वनी थेट आतल्या कानाकडे नेते. हवेचा आलेख खाली आणि हाडाचा आलेख वर असेल, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो: मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे साठलेला द्रव, किंवा रिकिबीचे हाड जखडून जाणे. यांतील बऱ्याच गोष्टी औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतात. दोन्ही आलेख एकमेकांना चिकटून खाली उतरत असतील, तर दोष आतल्या कानात किंवा श्रवणमज्जातंतूत असतो. आपल्या आकड्यांत हाडाचा आलेखच नाही, म्हणजे पहिला प्रश्नच अनुत्तरित आहे.

म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान आतून पाहून घ्यावा आणि मळ असल्यास काढून घ्यावा. घरी तेल, काडी किंवा पिन यांपैकी काहीही वापरू नये. काडीने मळ निघण्याऐवजी आत ठासला जातो. त्यानंतर संपूर्ण ऑडिओमेट्री, पडद्याची हालचाल आणि मधल्या कानातील दाब मोजणारी टिंपॅनोमेट्री, आणि शब्द ओळखण्याची चाचणी. या शेवटच्या चाचणीत, पुरेशा मोठ्या आवाजात उच्चारलेले सुटे शब्द रुग्णाला अचूक सांगता येतात का, ते टक्क्यांत पाहतात. मशीनचा किती उपयोग होईल याचा अंदाज बांधायला तिची मदत होते, आणि नेमकी तीच शिबिरांत अनेकदा वगळली जाते.

साठचे आठ का झाले, हे या आलेखावरूनही कळते. बोलण्यातील अ, आ, इ अशा स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते आणि तेथे अब्बांचे कान बऱ्यापैकी शाबूत आहेत. स, श, फ, थ अशा व्यंजनांची ओळख मात्र दोन हजार हर्ट्झच्या वरच्या मंद ध्वनीत असते. 'साठ'मधला स गळाला की 'आठ' उरते. आवाज ऐकू येतो पण शब्द उमगत नाही, म्हणून माणसाला प्रामाणिकपणे असेच वाटते की समोरचाच नीट बोलत नाही.

स्वयंभू गंधाराचेही तसेच आहे. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा असतो. तार छेडल्यावर मूळ स्वरासोबत त्याच्या पटींचे जे वरचे स्वर उमटतात ते उपस्वर. स्वयंभू गंधार हा त्यांतला पाचवा, म्हणजे सुमारे ३५० हर्ट्झ. तो त्यांना ऐकू येणारच, त्यात त्यांचे काही चुकत नाही. जवारीची झळाळी ज्या उपस्वरांवर अवलंबून असते, त्यांतील बरेच याच्या पुष्कळ वर, एक हजारापासून तीन-चार हजार हर्ट्झपर्यंत पसरलेले असतात. ते त्यांना मंद ऐकू येतात, म्हणून तंबोरा बंद वाटतो आणि हात कानशीकडे जातो.

उत्तर: कान-नाक-घसा शल्यचिकित्सक (निवृत्त), कराड

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात एकच गोष्ट अधिक ठळकपणे मांडावीशी वाटते. वयोमानाने येणारा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांत सारखा उतरतो. येथे डावा कान १००० हर्ट्झला १५, २००० ला २० आणि ४००० ला पुन्हा १५ डेसिबलने मागे आहे, आणि शिट्टीचा आवाजही त्याच कानात आहे. ध्वनिरोधक खोलीतील चाचणीतही हा फरक टिकला आणि हाडाचा आलेख तोच दोष दाखवू लागला, तर गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट करणारे, शिरेतून द्यायचे द्रव्य) देऊन अंतर्गत श्रवणमार्गाचा एमआरआय करून घेणे आवश्यक आहे. आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर क्वचित एक सौम्य, कर्करोग नसलेली, हळूहळू वाढणारी गाठ होते, तिला व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. अशा फरकामुळे एमआरआय केलेल्या बहुसंख्य रुग्णांत ती सापडत नाही. तरीही पाहावे लागते, कारण लहान असताना सापडली तर नुसती देखरेख, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया असे पर्याय हातात राहतात. पूर्वी यासाठी बेरा ही मेंदूपर्यंतच्या विद्युत्‌संकेतांची चाचणी करीत असत, पण लहान गाठी तिच्यातून निसटतात. एमआरआयपूर्वी मूत्रपिंडाचे कार्य पाहण्यासाठी क्रिएटिनिनची तपासणी सांगतील, तसेच शरीरात पेसमेकर किंवा धातूचे काही बसवलेले असल्यास ते आधीच सांगावे.

क्षयरोगावरची इंजेक्शने बहुधा स्ट्रेप्टोमायसिनची असावीत. हे औषध आतल्या कानाला इजा करू शकते, परंतु त्याचा रोख श्रवणापेक्षा तोल सांभाळणाऱ्या भागावर अधिक असतो, आणि रक्तातून जाणारे औषध दोन्ही कानांपर्यंत पोहोचत असल्याने केवळ एका बाजूची घसरण त्याच्या माथी मारता येत नाही. तरीही ही माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी, म्हणजे पुढे कधी जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी त्याच कुळातील औषधे विचारपूर्वक वापरली जातील. मधुमेह आणि रक्तदाब तपासलेला नसल्यास तोही तपासावा.

स्मृतिभ्रंशाच्या भीतीविषयी. मध्यमवयात येणारा बहिरेपणा आणि पुढे होणारा स्मृतिभ्रंश यांचा संबंध मोठ्या अभ्यासांत दिसला आहे, हे खरे. परंतु मशीन लावल्याने तो टळतो का, हे पाहणाऱ्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अचीव्ह' या अमेरिकी चाचणीत तीन वर्षांनंतर एकूण गटात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्यांना आधीपासून अधिक धोका होता त्यांच्यात मात्र बौद्धिक घसरण मंदावलेली दिसली. एवढ्यावरून "आज नोंदणी करा, नाहीतर स्मृती जाईल" असे सांगणे म्हणजे शुद्ध विक्रीकला आहे. मशीन घ्यायचे ते नातवंडांशी बोलता यावे म्हणून. तेवढे कारण पुरेसे आहे.

आणखी एक, हे वाचणाऱ्या सर्वांसाठी. अब्बांसारखी वर्षानुवर्षांची घसरण महिनाभर थांबू शकते. पण एखाद्या सकाळी उठल्यावर किंवा दोन-तीन दिवसांत एक कान अचानक बंद झाला, तर ती तातडीची बाब समजावी. सर्दीने दडा बसला असेल म्हणून थेंब घालत आठवडा काढू नये. आतल्या कानाचा अचानक बहिरेपणा असल्यास स्टेरॉइडचा उपचार लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि जितका उशीर होईल तितकी आशा कमी होते. कारकिर्दीत मला सर्वाधिक हळहळ वाटली ती उशिरा आलेल्या अशा रुग्णांची.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहेत. सुरुवात तेथून करता येईल.

उत्तर: माग बंद केलेला, विटा

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर यंत्रमागांच्या खोलीत काम केल्यामुळे माझे दोन्ही कान गेले आहेत. मागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे असतो आणि आमच्या पिढीत कानात बोळे घालणाऱ्याला लोक हसत. माझ्या ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्झला खोल खड्डा आहे, आणि आवाजाने कान गेल्याची हीच खूण असते असे मला सांगण्यात आले. अब्बांच्या कारखान्यात कटर आणि सँडर चालत असतील, तर आपण भावंडांनी आजपासून कानांवर मफ चढवावेत.

मशीन वापरणारा म्हणून थोडे सांगतो. पहिल्या दिवशी मला स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला, पिशवीचा चुरचुराट असह्य झाला आणि भांडे ठेवल्याचा आवाज डोक्यात घणासारखा बसला. अनेक जण येथेच मशीन काढून कपाटात ठेवतात. मी सुरुवातीला घरातच दिवसातून थोडा वेळ लावून हळूहळू वेळ वाढवत गेलो आणि समायोजनासाठी पुन्हा पुन्हा गेलो. विकत घेताना लोक मशीनची किंमत विचारतात. विचारायचे ते हे, की नंतरचे समायोजन कोण करणार आणि त्याचे पैसे वेगळे आहेत का.

बॅटरीवरचा स्टिकर काढला की ती लगेच घालू नये, मिनिटभर हवेत ठेवावी. ती हवेवर चालते, आणि स्टिकर परत चिकटवून ती वाचत नाही. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावे.

भजनाच्या वेळी मात्र मी ते काढून ठेवतो. पेटीचा स्वर लांबला की मशीन स्वतःच बारीक आवाज जोडते आणि सूर थरथरतो. यावर काही उपाय असल्यास मलाही हवा आहे.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन: तंबोरेवाला, मिरज

सर्वांचा आभारी आहे. विटेकर काका, मफ आणले. अब्बा सोडून सगळे वापरतात.

डाव्या कानातून घट्ट मळाचा गोळा निघाला. त्यानंतर ध्वनिरोधक खोलीत झालेल्या चाचणीत डावा कान ५०० हर्ट्झला २५ आणि १००० ला ४० वर आला, पण २००० आणि ४००० चे आकडे जवळपास तेच राहिले आणि हाडाचा आलेखही तेथेच आहे. टिंपॅनोमेट्री दोन्ही बाजूंनी सामान्य. शब्द ओळखण्याच्या चाचणीत उजवा कान ८८ टक्के, डावा ६० टक्के. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तो करून घेतला, गाठ नाही. डावा कान अधिक का उतरला याचे निश्चित कारण सांगता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

अब्बा आता मशीनची ट्रायल घ्यायला तयार झाले आहेत, पण अट घातली आहे की त्यातून तंबोरा तंबोऱ्यासारखाच ऐकू आला पाहिजे. एकाच कानाला घ्यायचे असल्यास कोणत्या? आणि शासकीय मदत मिळू शकते का?

उत्तर: श्रवणतज्ज्ञ, सांगली

कारण सापडले नाही याचे वैषम्य वाटून घेऊ नये. असमान श्रवणाच्या बाबतीत हे नेहमी घडते. धोक्याचे कारण नाही हे कळले, त्यासाठीच तपासणी होती.

शक्य असल्यास दोन्ही कानांना घ्यावे, कारण आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करूनच ठरवतो. एकच परवडत असेल, तर ६० टक्के शब्द ओळखणाऱ्या कानापेक्षा ८८ टक्के ओळखणाऱ्या उजव्या कानाला ते अधिक फळेल. अधिक बिघडलेल्या कानाला मशीन द्यावे असे सगळ्यांना वाटते, पण मशीन आवाज वाढवते. आतल्या कानात गेलेला स्पष्टपणा ते परत आणू शकत नाही. डाव्या कानातील शिट्टीवर मात्र मशीनचा फायदा अनेकांना होतो, कारण बाहेरचे ध्वनी पुन्हा ऐकू येऊ लागले की आतला आवाज मागे पडतो. म्हणून ट्रायल दोन्ही कानांची घ्यावी आणि निर्णय नंतर करावा.

त्यांची खालची पट्टी चांगली असल्याने कानामागे मशीन आणि कर्णनलिकेत स्पीकर, त्यावर छिद्रांचे उघडे टोपण, असा प्रकार योग्य ठरेल. खर्ज आणि जोडीच्या तारा नैसर्गिकरीत्या आत जातील, स्वतःचा आवाज घुमणार नाही, आणि मशीन फक्त वरची पट्टी वाढवेल. बसवल्यावर कानात बारीक नळी सरकवून पडद्याजवळ पोहोचणारा आवाज प्रत्यक्ष मोजणारी चाचणी करून घ्यावी. संगणकाने सुचवलेली सेटिंग कानात तशीच उतरते असे नाही.

आता तंबोरा. डिजिटल मशीन बोलण्यासाठी घडवलेले असते. बोलणे क्षणाक्षणाला चढउतार करते. जे अखंड एकसारखे चालू आहे त्याला मशीन पंख्याचा किंवा मोटारीचा गोंगाट समजून दाबते. तंबोऱ्याचा नाद तर अखंडच असायला हवा, त्यामुळे गोंगाट कमी करण्याची सोय चालू असताना तो काही सेकंदांत विझत गेल्यासारखा वाटतो. विट्याच्या गृहस्थांची अडचण निराळी आहे: लांबलेला शुद्ध स्वर मशीनला स्वतःचीच शिट्टी वाटते, ती मोडून काढण्याच्या खटपटीत ते स्वर थरथरवते. म्हणून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बनवून घ्यावा. त्यात गोंगाट-नियंत्रण बंद, शिट्टी-नियंत्रण बंद किंवा अगदी सौम्य, माइक सर्व दिशांचा, लहान-मोठ्या आवाजातील अंतर आवळणारे कॉम्प्रेशन कमी, आणि उंच स्वर खाली सरकवून ऐकवण्याची सोय असल्यास ती पूर्ण बंद. ही शेवटची चालू राहिली तर उपस्वर बेसूर होतील. बहुतेक मशीनमध्ये बटणाने किंवा मोबाइलवरून असा प्रोग्रॅम बदलता येतो. फक्त, बसवणाऱ्याला हे स्पष्ट सांगावे लागते.

एवढे करूनही जवारीची बारीक पारख पूर्वीसारखी होईल असे आश्वासन मी देणार नाही. आतल्या कानातील ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी गेल्यावर जवळजवळच्या वारंवारता वेगळ्या ओळखण्याची क्षमताही बोथट होते. घोडीचा उतार आणि दोऱ्याची जागा अब्बांच्या बोटांना ठाऊक आहे. शेवटचे ऐकणे आपल्यापैकी कोणी करावे आणि कोठे थांबायचे ते त्यांना सांगावे. मोबाइलवर उपस्वरांचा आलेख दाखवणारी ॲपही आहेत. दोन तंबोऱ्यांचे आलेख शेजारी ठेवले, तर वरच्या उपस्वरांतील फरक त्यांना डोळ्यांनी दिसेल, आणि वाद कमी होईल.

शासकीय मदतीविषयी: दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार 'ऐकण्यास कठीण' या वर्गासाठी दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी लागते, त्यात अब्बा बसत नाहीत. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना साहाय्यक उपकरणांसाठी ३००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये जाहीर झाली. तिला कौटुंबिक उत्पन्नाची दोन लाखांची मर्यादा आहे. समाज कल्याण कार्यालयात चौकशी करावी, परंतु चांगल्या मशीनच्या किमतीपुढे ही रक्कम फार थोडी आहे.

ट्रायलच्या वेळी तंबोरा सोबत न्यावा आणि संगीताचा प्रोग्रॅम तो वाजवूनच लावून घ्यावा, रेकॉर्डिंगवर नव्हे. त्यानंतर वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करावी, आणि डावा कान मध्येच घसरला किंवा चक्कर सुरू झाली तर वर्षाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.